मॉड्यूल रिकामं, प्रोसेसर अडकलेला: एका कॉलेज लॅबमधलं व्हर्च्युअलायझेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पूर्व उपनगरातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज आणि त्यातल्या कम्प्युटर विभागाची एक लॅब. कॉलेजचं किंवा माणसांचं नाव इथे येणार नाही. मी त्या विभागाचा माजी विद्यार्थी. लिनक्स सर्व्हर सांभाळणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे लॅबमध्ये काही अडलं की विभागप्रमुखांचा फोन येतो.

लॅबमधली मशिनं दोन प्रकारची. बरीचशी जुनी, इंटेलची. काही अलीकडे घेतलेली, एएमडी रायझनची. सगळ्यांवर उबुंटू २४.०४ हे लिनक्स वितरण आणि मुलांसाठी एकच ‘स्टुडंट’ लॉगिन. लॅब असिस्टंटना सगळे काका म्हणतात. लॅब चालते ती त्यांच्यामुळे, हे विभागात कोणीही मान्य करेल.

या प्रकरणाशी संबंध आहे तो दोन प्रॅक्टिकल्सचा. पहिलं सिक्युरिटीचं. त्यात व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरवर दोन व्हर्च्युअल मशिन्स, म्हणजे खऱ्या मशिनच्या आत चालणारी आभासी मशिनं, चालवतात: एक काली लिनक्स, म्हणजे हल्ल्याची साधनं भरलेलं लिनक्स, आणि दुसरं मेटास्प्लॉइटेबल, म्हणजे मुद्दाम भोकं ठेवलेलं जुनं लिनक्स. दोघांना व्हर्च्युअलबॉक्सच्या अंतर्गत नेटवर्कवर बांधून ठेवायचं, म्हणजे मुलांचे हल्ले कॉलेजच्या नेटवर्कवर जात नाहीत. दुसरं प्रॅक्टिकल मोबाइल ॲपचं: अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवर चालणारा नकली फोन. लिनक्सवर हा एम्युलेटर वेगाने चालावा म्हणून केव्हीएमची मदत घेतो, आणि केव्हीएम म्हणजे लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, असलेला हायपरवायझर, व्हर्च्युअल मशिन्स चालवणारा प्रोग्रॅम. थोडक्यात, त्याच मशिनांवर दोन वेगळे हायपरवायझर नांदत होते. हे विभागात कोणाच्या फारसं लक्षात आलं नव्हतं, कारण दोन्ही प्रॅक्टिकल्स विनातक्रार होत होती.

अडचण

२०२५ च्या गणपतीची सुट्टी लागायच्या आधी काकांनी सगळी मशिनं अपडेट केली आणि बंद केली. उबुंटू २४.०४.३ त्याच ऑगस्टमध्ये आलं होतं, आणि एचडब्ल्यूई, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठी मधूनमधून बदलणाऱ्या, कर्नलवर असलेल्या मशिनांना ६.११ च्या जागी ६.१४ मिळत होता. नवा कर्नल डिस्कवर उतरला म्हणून लगेच काही बदलत नाही; तो पुढच्या बूटला कामावर येतो. इथे पुढचं बूट झालं ते सुट्टी संपल्यावर, थेट सिक्युरिटीच्या बॅचसमोर.

काली सुरू करायला गेलं की इंटेलच्या मशिनांवर लाल संदेश: व्हर्च्युअलबॉक्स व्हीएमएक्स रूट मोडमध्ये चालू शकत नाही, केव्हीएम हे कर्नल एक्स्टेन्शन बंद करा, कर्नल पुन्हा कंपाइल करा आणि रीबूट करा. एएमडीच्या मशिनांवर मात्र वेगळाच मजकूर: एएमडी-व्ही, म्हणजे प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय, दुसरा कुठला तरी हायपरवायझर वापरतोय. दोन संदेश दिसले म्हणून दोन वेगळे बिघाड आहेत असं सगळ्यांनी धरलं, आणि पहिला वेळ त्यातच गेला. नव्या मशिनांबद्दल व्हेंडरला फोन गेला, जुनी मशिनं ‘आता जुनीच झाली’ म्हणून सोडून दिली गेली.

मग जे सगळीकडे होतं ते झालं: बायोस, म्हणजे मशिन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर. ‘व्हर्च्युअलायझेशन चालत नाही’ म्हटलं की हात आपोआप बायोसच्या बटणाकडे जातो, कारण दहातल्या नऊ वेळा दोष तिथेच सापडतो. काका एकेक मशिन उघडून बघत गेले. सगळीकडे सोय चालूच होती. एका हुशार मुलाने इंटरनेटवरचा जुना सल्ला आणला: व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हीटी-एक्स, म्हणजे इंटेलकडची तीच सोय, वापरायचीच नाही असं सांगा. एके काळी हे शक्य होतं. पण डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून प्रोसेसरच्या मदतीशिवाय केवळ सॉफ्टवेअरवर गेस्ट, म्हणजे आतलं व्हर्च्युअल मशिन, चालवायची वाट काढून टाकलेली आहे. ती खूणच आता मेनूत नाही. दुसऱ्या एकाने सिक्युअर बूटचा, म्हणजे सही नसलेला कोड अडवणाऱ्या सोयीचा, संशय घेतला. त्याचाही दोष नव्हता. ते अडलं तर व्हर्च्युअलबॉक्सचं ड्रायव्हर मॉड्यूलच चढत नाही आणि संदेश वेगळा येतो.

राहिला संदेशातला शेवटचा सल्ला, कर्नल पुन्हा कंपाइल करण्याचा. सिक्युरिटीचं प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमनी मला फोन केला तो हे विचारायलाच: “सर, खरंच प्रत्येक मशिनवर कर्नल कंपाइल करायचा का?” नाही. तो मजकूर जुन्या काळचा आहे आणि आजच्या वितरणांवर त्याची गरज नसते, कारण केव्हीएम तिथे काढता-घालता येणारं मॉड्यूल असतं. संदेशाने दोषी बरोबर ओळखला होता. सांगितलेला उपाय मात्र दुप्पट कष्टाचा होता.

काय तपासलं

फोनवरच तीन गोष्टी बघायला सांगितल्या. एलएससीपीयू या कमांडने प्रोसेसरमध्ये व्हीटी-एक्स आहे असं दाखवलं. म्हणजे सोय आहे आणि बायोसनेही ती अडवलेली नाही. युनेम कमांडने कर्नल ६.१४ असल्याचं दाखवलं. म्हणजे सुट्टीच्या आधी आणि नंतर हा एक फरक नक्की. तिसरी होती चढलेल्या मॉड्यूलची यादी दाखवणारी एलएसमॉड, आणि तिथे मॅडम अडखळल्या. यादीत केव्हीएम-इंटेल मॉड्यूल होतं, पण त्याच्यापुढे वापरकर्त्यांची संख्या शून्य होती. “कोणी वापरतच नाहीये, मग अडवतंय कोण?”

प्रश्न अगदी योग्य होता. ६.११ पर्यंतच्या कर्नलवर शून्य याचा अर्थ प्रोसेसर मोकळा, असाच होता. ६.१४ वर तो तसा उरलेला नाही.

खात्री करायला एका इंटेल मशिनवर केव्हीएम-इंटेल मॉड्यूल उतरवलं. व्हर्च्युअलबॉक्समधली काली लगेच सुरू झाली. मग एका रायझनवर केव्हीएम-एएमडी उतरवलं, तिथेही तेच. दोन संदेश होते, कारण एकच निघालं. व्हेंडरला केलेली तक्रार मागे घेतली गेली.

प्रोसेसरच्या सोयीचा ताबा

उपाय निवडायचा तर हे का झालं ते कळायला हवं, म्हणून इथे जरा खोलात जातो.

इंटेलने व्हीटी-एक्स (संदेशातलं व्हीएमएक्स ते हेच) २००५ च्या नोव्हेंबरमध्ये आणलं, एएमडीने आपलं एएमडी-व्ही २००६ मध्ये. ही सोय प्रोसेसरमध्ये असणं ही पहिली पायरी. फर्मवेअरने ती मोकळी ठेवणं ही दुसरी: इंटेलमध्ये एका नियंत्रण रजिस्टरमध्ये परवानगीचा बिट असतो आणि त्याच्या जोडीला कुलपाचा बिट, कुलूप लागलं की पुढच्या रीसेटपर्यंत परवानगी बदलत नाही. बायोसमधली खूण म्हणजे हीच. तिसरी पायरी कर्नलच्या हातातली. प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरवर सीआर४ रजिस्टरचा तेरावा बिट चढवायचा, चार किलोबाइटचं एक पान राखून ठेवायचं आणि त्याचा पत्ता देऊन व्हीएमएक्सऑन ही सूचना चालवायची. त्या क्षणी तो प्रोसेसर व्हीएमएक्स रूट मोडमध्ये जातो. आता दुसऱ्या कोणी तिथे व्हीएमएक्सऑन चालवली तर ती फसते. एएमडीकडे प्रकार साधा आहे, ईएफईआर रजिस्टरमधला बारावा बिट. पण तोही आधीच चढलेला दिसला तर सभ्य हायपरवायझर मागे फिरतो. दोन लाल संदेशांमधला फरक एवढाच होता.

ताबा घेतलाय एवढं हार्डवेअरला कळतं, कोणी घेतलाय ते कळत नाही. तो हिशेब सॉफ्टवेअरने ठेवायचा. आणि ताबा घेण्याला परिणामही असतात: व्हीएमएक्स रूट मोडमध्ये असलेला प्रोसेसर इनिट सिग्नल थोपवून धरतो, म्हणून रीबूट करताना किंवा क्रॅश झाल्यावर दुसऱ्या कर्नलमध्ये उडी मारताना लिनक्सला आधी ही सोय बंद करावी लागते. हे बटण कोणीही कधीही दाबावं असं नाही.

मग केव्हीएमने ते कधी दाबायचं? याचं उत्तर लिनक्समध्ये दोनदा बदललं आहे. केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये, २.६.२० या कर्नलबरोबर आलं तेव्हा मॉड्यूल चढलं की ताबा घ्यायचं. २००९ मध्ये अलेक्झांडर ग्राफ यांच्या बदलाने ते मागणीवर आलं: पहिली व्हर्च्युअल मशिन उभी राहिली की ताबा घ्यायचा, शेवटची संपली की सोडायचा. त्या बदलामागे एक कारण असंही दिलेलं होतं की केव्हीएमच्या ताब्यामुळे दुसरे हायपरवायझर अडतात. पुढे पंधरा वर्षं व्हर्च्युअलबॉक्स आणि केव्हीएम एका मशिनवर सुखाने राहिले ते या सोयीमुळे. मॉड्यूल तर प्रोसेसरमध्ये व्हीटी-एक्स दिसलं की आपोआप चढतंच. पण चढून गप्प बसायचं.

१७ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या लिनक्स ६.१२ ने डिफॉल्ट पुन्हा फिरवलं. सोसायटीच्या गच्चीची किल्ली एकच असावी, सेक्रेटरी ती मागेल त्याला देत असावेत, आणि एक दिवस त्यांनी ती स्वतःच्या कमरेला लावून फिरायला सुरुवात करावी, तसं हे झालं. गच्चीवर कोणी नसलं तरी दार उघडत नाही.

कर्नलवाल्यांनी हे उगाच केलेलं नाही. केव्हीएम ही सोय एकेका प्रोसेसरवर क्रमाने चालू करतं; शेकडो प्रोसेसर असलेल्या सर्व्हरवर पहिल्या व्हर्च्युअल मशिनला त्याची वाट बघावी लागते. शिवाय इंटेलच्या टीडीएक्ससारख्या गोष्टी, ज्यांत होस्टपासूनही (बाहेरच्या खऱ्या मशिनपासूनही) गेस्टची मेमरी झाकलेली असते, त्यांची जुळणी करायला प्रोसेसर आधीच व्हीएमएक्समध्ये असावा लागतो. क्लाउड चालवणाऱ्यांना हे हवंच आहे. कर्नलबाहेरचे हायपरवायझर यामुळे अडतील हे कर्नलच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि म्हणूनच जुनं वागणं परत आणणारा एक पॅरामीटरही सोबत दिलेला आहे. माझी तक्रार असलीच तर ती अशी की डेटा सेंटरसाठी घेतलेला निर्णय कॉलेजच्या लॅबपर्यंत एका साध्या अपडेटमधून पोचतो, आणि पोचताना आवाज करत नाही.

तुलनेसाठी शेजारची विंडोज लॅब बघण्यासारखी आहे. तिथे विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल २ साठी मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचा हायपरवायझर चालू केलेला आहे. तो बूटपासूनच हार्डवेअर धरून बसतो आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून सेवा घ्यायची असते. व्हर्च्युअलबॉक्स तिथे बंद पडत नाही, हायपर-व्हीवर स्वार होऊन रखडत चालतो आणि खालच्या पट्टीवर हिरवं कासव दाखवतो. लिनक्सवरच्या व्हर्च्युअलबॉक्सने ही गोष्ट गृहीत धरलेली नव्हती. त्याला स्वतःचा ताबा हवा होता.

समोरचे पर्याय

त्या दिवसाचा प्रश्न वेगळा होता आणि सत्राचा वेगळा. त्या दिवशी बॅच लॅबमध्ये बसलेली होती. बूटच्या वेळी कर्नल निवडू देणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना ६.११ कर्नल निवडून मशिनं उठवली आणि प्रॅक्टिकल झालं. हा निर्णय घ्यायला कोणाचं दुमत नव्हतं. पण जुना एचडब्ल्यूई कर्नल फार दिवस वापरता येत नाही, कारण पुढचा आला की मागच्याच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबतात. इंटरनेट चालू असलेल्या आणि मुलं हातात पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्या लॅबमध्ये ते बरं नव्हे.

२४.०४ सोबत मूळ आलेला ६.८ कर्नल हा त्याहून शहाणा पर्याय होता. त्याला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहणार आहेत आणि त्यात केव्हीएमचं जुनं वागणं आहे. मी पहिला हात त्यावरच ठेवला होता. पण काकांनी आठवण करून दिली की नव्या मशिनांवर एचडब्ल्यूई कर्नल टाकला तो हौसेने नाही, ६.८ वर तिथला डिस्प्ले नीट चालत नव्हता. निम्मी लॅब एका कर्नलवर आणि निम्मी दुसऱ्यावर, हे सांभाळायचं कोणी?

विभागप्रमुखांचा कल केव्हीएमला ब्लॅकलिस्ट करण्याकडे होता. एका फाइलीत ओळ टाकायची, मॉड्यूल चढणारच नाही, विषय संपला. इंटरनेटवर हाच उपाय सगळ्यात जास्त सापडतो आणि ज्याच्याकडे फक्त व्हर्च्युअलबॉक्स आहे त्याला तो पुरतोही. इथे मात्र मोबाइल ॲपच्या सरांना विचारल्यावर चित्र बदललं. त्यांचा एम्युलेटर केव्हीएमशिवाय इतका रखडतो की दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये ॲप उघडेपर्यंतच वेळ जातो. सिक्युरिटीचं प्रॅक्टिकल वाचवायला मोबाइलचं बुडवायचं, असा तो सौदा होता. सरांना विचारलं नसतं तर तो दुसऱ्या दिवशी कळला असता.

दर वेळी गरजेप्रमाणे मॉड्यूल उतरवणं हा मार्ग रूटचे, म्हणजे ॲडमिनचे, अधिकार मागतो. ‘स्टुडंट’ लॉगिनला ते द्यायचे नाहीत यावर सगळे ठाम होते, आणि बरोबरच होते.

व्हर्च्युअलबॉक्सच केव्हीएमवर चालवायचा, असाही एक प्रयत्न बाहेर झालेला आहे: सायबेरस टेक्नॉलॉजी या कंपनीने २०२४ मध्ये तसा बॅकएंड खुला केला. कल्पना मला आवडते. पण तो सोर्समधून बांधावा लागतो, आणि लॅबभर स्वतः बांधलेलं सॉफ्टवेअर पसरवलं की पुढे प्रत्येक अपडेटला ते आपल्याच गळ्यात येतं. तो विचार तिथेच सोडला.

सगळंच केव्हीएमवर न्यायचं, व्हर्च्युअलबॉक्सला निरोप द्यायचा, हा खरा मोठा पर्याय. केव्हीएमची मशिनं सांभाळणारा व्हर्ट-मॅनेजर वापरायला कठीण नाही, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्क फाइली केव्हीएमच्या जोडीने चालणाऱ्या क्यूईएमयूच्या साधनाने बदलून घेता येतात. मॅडमचा आक्षेप तंत्राचा नव्हता. सत्र सुरू झालेलं होतं, मुलांच्या जर्नलमध्ये आधीची प्रॅक्टिकल्स व्हर्च्युअलबॉक्सच्या स्क्रीनशॉटसकट लिहून झालेली होती, आणि मुलं घरी विंडोजच्या लॅपटॉपवर सराव करतात तिथे केव्हीएम नाही. एक्स्टर्नलसमोर अर्धी जर्नलं एका पद्धतीची आणि अर्धी दुसऱ्या, हे त्यांना नको होतं. मला हा आक्षेप वजनदार वाटला.

काय केलं

निवडला तो कर्नलने देऊ केलेला पॅरामीटर. मॉड्यूल चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या डिरेक्टरीत एक छोटी फाइल, तिच्यात एकच ओळ: ऑप्शन्स केव्हीएम इनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=०. यामुळे मॉड्यूल चढतं, पण प्रोसेसरचा ताबा पहिली व्हर्च्युअल मशिन उभी राहीपर्यंत घेत नाही. म्हणजे २००९ ची व्यवस्था परत.

इथे एक खड्डा आहे, तो सांगून ठेवतो. पॅरामीटर केव्हीएम या मूळ मॉड्यूलचा आहे. केव्हीएम-इंटेल किंवा केव्हीएम-एएमडी यांचा नाही. त्या नावांपुढे ओळ लिहिली तर कर्नल ‘अनोळखी पॅरामीटर’ अशी नोंद लॉगमध्ये टाकतो, तो दुर्लक्षितो, आणि बाहेरून सगळं ठीक दिसत राहतं. शिवाय हे मूल्य चालू मशिनवर बदलता येत नाही, फक्त वाचता येतं. मॉड्यूल उतरवून पुन्हा चढवावं लागतं किंवा रीबूट. म्हणून फाइल टाकल्यावर रीबूट करून सिस्टीमच्या मॉड्यूल-पॅरामीटरच्या जागी जाऊन ‘एन’ (म्हणजे नाही) दिसतंय का ते बघायचं, हे काकांना लिहून दिलं. ज्या वितरणात केव्हीएम मॉड्यूल नसून कर्नलमध्येच गोठलेलं असतं तिथे हेच बूटच्या ओळीत, ग्रबमधून द्यावं लागेल.

आधी एक इंटेल, एक रायझन. दोन्हींवर व्हर्च्युअलबॉक्स चालवून बघितला, बंद केला, एम्युलेटर चालवला, बंद केला, पुन्हा व्हर्च्युअलबॉक्स. मग एसएसएचवरून सगळ्या लॅबला फाइल पाठवली आणि मशिनं नव्या ६.१४ वर परत आणली. इंटेल-एएमडी असा भेद या उपायात कुठेच करावा लागला नाही, हाही त्याच्या बाजूचा मुद्दा.

पुन्हा तोच संदेश

पुढच्या आठवड्यात काही मशिनांवर तोच लाल संदेश आला, आणि विभागप्रमुखांनी ‘फिक्स टिकला नाही’ असा निष्कर्ष काढला. फिक्स जागेवर होता. पॅरामीटर ‘एन’च दाखवत होता. त्या दिवशी वेळापत्रकात मोबाइलची बॅच आधी होती आणि लगेच मागून सिक्युरिटीची. एम्युलेटर आता अँड्रॉइड स्टुडिओच्या खिडकीतच एका कडेला चालतो. मुलांनी खिडकी मिनिमाइझ केली आणि उठून गेली. लॉगिन एकच, त्यामुळे लॉगआउट कोणी करत नाही. एम्युलेटर चालूच, केव्हीएमची एक व्हर्च्युअल मशिन जिवंत, प्रोसेसर तिच्या ताब्यात. या वेळी एलएसमॉडमधला आकडा शून्य नव्हता.

हा या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा टप्पा आहे. पॅरामीटरने ताबा सोडायची सवय परत आणली, पण वाटून घेण्याची सोय काही दिली नाही. ती हार्डवेअरमध्येच नाही. उलट बाजूनेही तेच होतं: व्हर्च्युअलबॉक्स चालू असताना एम्युलेटर सुरू केला तर तो ‘डिव्हाइस बिझी’ म्हणून पडतो, आणि कर्नलच्या लॉगमध्ये अमुक प्रोसेसरवर व्हर्च्युअलायझेशन चालू करता आलं नाही अशी ओळ येते. संदेश तोच दिसला तरी आता उपाय वेगळा होता, आणि तो कर्नलमध्ये नव्हता.

तिथे दोन निर्णय झाले. व्हर्च्युअलबॉक्सच्या आयकॉनमागे एक छोटी स्क्रिप्ट बसवली. ती आधी केव्हीएमची डिव्हाइस फाइल कोणत्या प्रोसेसने उघडली आहे ते बघते, आणि एम्युलेटर सापडला तर मराठीत सांगते की मागच्या बॅचचा एम्युलेटर चालू आहे, तो बंद करा. आपोआप मारून टाकायची सोय मुद्दाम ठेवली नाही, कारण कोणाचं तरी न सेव्ह केलेलं काम त्यात जाऊ शकतं. दुसरा निर्णय काकांचा: बॅच सुटली की लॉगआउट, सही त्यानंतर. तंत्राच्या दृष्टीने हा दुसरा निर्णय जास्त परिणामकारक ठरला, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यालाही मान्य करावं लागतं.

निष्पत्ती

उरलेल्या सत्रात दोन्ही प्रॅक्टिकल्स एकाच लॅबमध्ये, एकाच कर्नलवर झाली. तो संदेश अधूनमधून दिसला, पण दर वेळी कारण मागे राहिलेला एम्युलेटरच होतं आणि मुलंच ते निस्तरत होती. टर्मवर्कच्या तारखा हलवाव्या लागल्या नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

अपडेट करणं चुकीचं नव्हतं. ते सुट्टीच्या तोंडावर करून, रीबूट न करता मशिनं बंद करणं महागात पडलं. अपडेटनंतर प्रत्येक जातीचं एक मशिन उठवून त्यावर सत्रातली प्रॅक्टिकल्स एकदा चालवून बघितली असती, तर सगळं आधीच कळलं असतं. नवा कर्नल आणणारं मेटा-पॅकेज सत्र संपेपर्यंत होल्डवर ठेवावं, अशीही सूचना आली. मी तिच्या विरोधात आहे. चार महिने सुरक्षा दुरुस्त्या रोखून ठेवणं हा लहान धोका टाळायला मोठा धोका घेणं आहे. आधी दोन मशिनांवर, मग आठवड्याने बाकीच्यांवर, एवढी शिस्त पुरे.

निदानाचा क्रमही बदलायला हवा होता. ‘सोय आहे का’ हा प्रश्न बायोसचा आणि ‘सोय कोणाकडे आहे’ हा कर्नलचा. पहिल्याचं उत्तर एलएससीपीयूने बसल्या जागी मिळतं. ते न घेता काका मशिनांचे बायोस उघडत राहिले, आणि दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. विभागात आता प्रत्येक प्रॅक्टिकलपुढे ते कोणता हायपरवायझर वापरतं याची नोंद असलेला एक तक्ता आहे. तो आधी असता तर ब्लॅकलिस्टची चर्चा दोन वाक्यांत संपली असती.

केव्हीएमकडे पूर्ण वळायचा निर्णय मात्र झालेला नाही. विभागप्रमुखांना तो हवा आहे, कारण एका लॅबला एक हायपरवायझर म्हणजे भांडणच नाही. आणि लिनक्सचा कल बघता कर्नलबाहेरच्या हायपरवायझरची गैरसोय कमी होईल असं मलाही वाटत नाही. मॅडमचं म्हणणं, मुलं घरी जे वापरू शकतात तेच लॅबमध्ये हवं. मधली वाट म्हणून पुढच्या सत्रात सिक्युरिटीची दोन्ही व्हर्च्युअल मशिन्स केव्हीएमवरही तयार ठेवायची ठरली आहेत, अंतर्गत नेटवर्कसकट, आणि एक बॅच त्यावर चालवून बघायची. उबुंटू २६.०४ वर जायचं तेव्हा हा विषय पुन्हा निघेल. त्याआधी त्या बॅचचा अनुभव हातात असावा, एवढ्यावर तूर्त एकमत आहे.